डोटीला जायचं असेल तर आधी आंब्याच्या बागेत जा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या सांगलीच्या महाविद्यालयाला येत्या उन्हाळ्यात वीस मुलामुलींना पंधरा दिवस नेपाळला न्यायचंय. अभ्यास आणि समाजसेवा एकत्र करून त्याचे दोन क्रेडिट द्यायचे आहेत. एका सहल कंपनीने ‘पाच दिवस अनाथाश्रमात सेवा, नंतर पोखरा, लुंबिनी, काठमांडू’ असा कार्यक्रम पाठवलाय आणि तो प्राचार्यांना पसंत आहे. तो घ्यावा का, आणि नाही तर कसं करावं?

तो घेऊ नका. नेपाळमध्ये बालगृहांचा प्रश्न फार जुना आणि फार दुखरा आहे. तिथल्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, बरेचदा दोघेही, हयात असतात. दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून ‘शिक्षण देतो’ असं सांगून मुलं आणली जातात. ही गृहं गरिबी जिथे जास्त तिथे नाहीत, ती काठमांडू, पोखरा, चितवन अशा परदेशी पाहुण्यांची वर्दळ असलेल्या भागांत दाटलेली आहेत. पाहुणा येतो, मुलांबरोबर गाणी म्हणतो, देणगी देतो, जातो. तो येत राहावा म्हणून मुलं तिथे लागतात. युनिसेफने याबद्दल वारंवार सावध केलंय. तुमची मुलं चांगल्या मनाने जातील याबद्दल मला शंका नाही, पण पाच दिवसांत लळा लावून सहाव्या दिवशी बसमध्ये बसणारा दादा किंवा ताई त्या लहान मुलाच्या वाट्याला महिन्यातून किती वेळा येत असेल, याचा विचार करा.

मग नेपाळला जाऊच नये का? जा, जरूर जा. मी रत्नागिरी जिल्ह्यात समाजशास्त्र शिकवते, बरीच वर्षं एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, कार्यक्रम अधिकारी होते, आणि २०१७ पासून सहा वेळा मुलांना पश्चिम नेपाळच्या डोटी जिल्ह्यात घेऊन गेलेय. त्यातून माझं एक ठाम मत झालंय. पंधरा दिवसांत परदेशात सेवा होत नाही. सेवा वर्षभर चालते, ती आपल्या गावाजवळ सुरू होते आणि आपल्या गावाजवळच परत येते; परदेशातले पंधरा दिवस हा तिचा मधला टप्पा असतो. हा मधला टप्पा तेवढा कापून घेतला की उरते ती सहल.

हे मला पहिल्याच खेपेला शिकावं लागलं. २०१७ साली आम्ही चौदा मुलं घेऊन डोटीतल्या एका वॉर्डात गेलो आणि साठ घरांचं आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रश्नावली आम्हीच रत्नागिरीत बसून तयार केलेली. बायकांनी शेतातली कामं टाकून उत्तरं दिली. चहा दिला. आम्ही परतलो, मुलांनी अहवाल लिहिले, गुण मिळाले, कागद विभागाच्या कपाटात गेले. पुढच्या वर्षी त्याच गावात गेल्यावर तिथल्या आरोग्य स्वयंसेविकेने, जिला सगळे दिदी म्हणतात, मला अगदी साधेपणाने विचारलं, ‘गेल्या वर्षी जे लिहून नेलंत, त्याचं काय झालं?’ तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण साठ घरांना तिने स्वतः फिरून सांगितलं होतं की या मुलांना उत्तरं द्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी झोपले नाही, आणि तेव्हापासून कुठल्याही गटाला मी आधी विचारते, तुम्ही जे गोळा करणार आहात ते कोण वापरणार, त्याचं नाव सांगा.

‘सर्व्हिस लर्निंग’, म्हणजे अभ्यासाला जोडलेली सेवा, हा शब्द अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटी रुळला. तो रुळवणाऱ्यांपैकी रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये त्याची तीन तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं असं की ज्यांची सेवा करायची, सेवेची सूत्रं त्यांच्याच हाती असली पाहिजेत. आपल्याकडे एनएसएस १९६९ पासून आहे, सात दिवसांचं निवासी शिबिर आपल्याला नवं नाही, बाबा आमटेंच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आलेली माणसं आपल्या आसपास आहेत. श्रम करायला आपली मुलं कमी पडत नाहीत. कमी पडतं ते हे पहिलं तत्त्व. रस्ता कुठे करायचा, झाडं कुठे लावायची, हे बहुतेक वेळा आपण आणि सरपंच ठरवतो.

आता डोटीच का, ते सांगते. कोकणातल्या हापूसच्या बागा आज नेपाळी माणसांवर चालतात. राखण, फवारणी, तोडणी, पेट्या भरणं, सगळं. दसरा-तिहार (त्यांची दिवाळी) झाला की ती येतात आणि पावसाच्या तोंडावर घरी भातलावणीला परततात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, आपल्यालाही लागत नाही. आमच्या भागात येणारे बरेचसे डोटी, अछाम, कैलालीकडचे. वर्षातले सहा-सात महिने ही माणसं आमच्या महाविद्यालयापासून चार किलोमीटरवर राहतात आणि माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. सगळ्यांना ‘बहादूर’ म्हणायचं, झालं.

म्हणून दुसऱ्या वर्षापासून आम्ही नोव्हेंबरमध्ये सुरुवात करू लागलो. दर रविवारी दोन तास बागेत. पहिलं काम एकच: नावं विचारा, नीट उच्चारायला शिका. दुसरं काम, त्यांच्याकडून भाषा शिका. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, शिकवणाऱ्याला आम्ही मानधन देतो. बाग राखणारा माणूस कट्ट्यावर बसलेला आणि बीएची मुलं समोर वह्या घेऊन जमिनीवर, हे चित्र मुलांच्या डोक्यात जे बदलतं ते माझ्या दहा व्याख्यानांनी बदलत नाही.

भाषेचा मराठी मुलांना एक फायदा आहे आणि त्याच फायद्यात एक खड्डा आहे. लिपी देवनागरीच, त्यामुळे पाटी वाचता येते. ‘पाहुना’ म्हणजे पाहुणाच, हे कळलं की मुलं खूश होतात. पण ‘कोदो’ म्हणजे आपला कोद्रा नव्हे, ती आपली नाचणी. ‘खाजा’ म्हणजे जत्रेतला गोड खाजा नव्हे, मधल्या वेळचं खाणं. वाचता येतं म्हणजे समजतं असं नाही, हा धडा तिथे पहिल्या दोन दिवसांत मिळतो. शिवाय डोटीतल्या घरांत डोटेली बोलतात, नेपाळी शाळेत. पुरुषांना हिंदी येतं कारण ते इकडे येऊन गेलेले असतात. बायकांना फारसं येत नाही. दुभाषी म्हणून गावातला हिंदी बोलणारा पुरुष घेतलात तर बायकांशी तुमचं बोलणं झालंच नाही असं समजा. तिथल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला दुभाषी नेमा आणि तिला रोजचे पैसे द्या.

आमचं खरं काम आम्हाला सापडलं ते मार्च २०१९ मध्ये, आणि ते आम्ही शोधलं नव्हतं. बागेतली एक बाई आपल्या पंधरा महिन्यांच्या मुलाला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. तिच्याकडे नेपाळचं लसीकरणाचं कार्ड होतं, घड्या पडून मऊ झालेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं. सिस्टरनी ते पाहिलं. ‘दादुरा-रुबेला’ असं लिहिलेलं आणि पुढे २०७५/६/५. सिस्टरनी आमच्या मुलीला हाक मारली, कारण ती रविवारी बागेत जाते हे त्यांना ठाऊक होतं. ‘अगं, हे दादुरा काय आहे? आणि साल २०७५ कसं?’

दादुरा म्हणजे गोवर, हे तिला माहीत होतं. सालाचं तिने बागेत विचारून घेतलं. नेपाळचा कारभार विक्रम संवतावर चालतो. वर्ष एप्रिलच्या मध्यात वैशाखाने सुरू होतं आणि महिन्याचे दिवस दरवर्षी सारखे नसतात, २९ पासून ३२ पर्यंत काहीही असू शकतात. त्यामुळे सत्तावन्न वजा करून तारीख निघत नाही, त्यांचं पंचांगच समोर धरावं लागतं. २०७५/६/५ म्हणजे २१ सप्टेंबर २०१८. बाळाला गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात मिळालेला होता. आणि त्या बाईचा घोर असा होता की तिकडे दुसरा डोस पंधराव्या महिन्यात देतात, आता काय करायचं? आपल्याकडे तो सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. सिस्टरनी तिला पुढच्या महिन्याची तारीख दिली आणि ती निश्चिंत होऊन गेली.

सिस्टर मग म्हणाल्या, ‘अशी कार्डं हंगामात येतच असतात. मला कुणी तक्ता करून द्याल का?’

सर, मागणी अशी दिसते. ती बारीक असते आणि तिच्यावर माणसाचं नाव असतं. त्या वर्षी मे महिन्यात आम्ही डोटीला गेलो ते हा तक्ता घेऊन. तिथल्या स्वास्थ्य चौकीत, म्हणजे त्यांच्या आरोग्य उपकेंद्रासारख्या जागी, आम्ही तो दाखवला तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने कपाटातून आपली मराठी ‘माता बाल संरक्षण कार्डं’ काढून टेबलावर ठेवली. त्यांचीही तीच अडचण, उलट दिशेने. कोकणात जन्मलेली किंवा इकडे डोस घेतलेली मुलं परत जातात तेव्हा आपल्या कार्डावरची मराठी आणि इंग्रजी तारीख तिथे अडते. मग मुलांनी दिदींच्या बरोबर बसून दुहेरी तक्ता केला: लसींची नावं दोन्हीकडची, वयं दोन्हीकडची, आणि तीन वर्षांचं तारखांचं कोष्टक. जपानी मेंदूज्वराची लस नेपाळमध्ये बाराव्या महिन्यात सगळ्यांना देतात, आपल्याकडे ठरावीक जिल्ह्यांतच. २०२२ पासून टायफॉइडची लसही तिकडे नियमित झाली, आपल्या सरकारी यादीत ती नाही. दर वर्षी तक्ता अद्ययावत करावा लागतो, म्हणून काम संपत नाही, म्हणून दर वर्षीच्या नव्या गटाला खरं काम असतं. एक मर्यादा आम्ही भिंतीवर लिहून ठेवलीय: विद्यार्थी तारीख उलगडतो आणि नाव सांगतो, डोस द्यायचा की नाही, कुठला द्यायचा, हे फक्त सिस्टर ठरवतात.

नेपाळच्या त्या स्वयंसेविका हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १९८८ पासून ही योजना चालू आहे, आज त्यांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे. आपल्या आशाताई त्यानंतर दीड-दोन दशकांनी आल्या. मुलांना मी दोन्हीकडच्या ताईंबरोबर एकेक दिवस चालायला लावते, आधी इकडे, मग तिकडे. चालून आल्यावर तुलना त्यांची त्यांनाच सुचते: कुणाला किती पैसे, किती नोंदवह्या, कुणाचं घरात काय ऐकून घ्यावं लागतं.

मुलांच्या मनाची तयारी हा भाग मात्र नाजूक आहे. डोटी-अछाममध्ये छाउपडीची प्रथा आहे, पाळीच्या दिवसांत बाईने घराबाहेरच्या झोपडीत राहायचं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच तिच्यावर बंदी घातली. ऑगस्ट २०१८ पासून ती पाळायला लावणाऱ्याला तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंडाची तरतूद लागू आहे. सर्पदंशाने, धुराने गुदमरून त्या झोपड्यांत बायका दगावल्या आहेत. मुलं जाण्याआधी इंटरनेटवर एवढंच वाचतात आणि तिथे पोचल्या पोचल्या फोन काढून झोपडी शोधायला लागतात. एका वर्षी पहिल्याच संध्याकाळी एक मुलगा पोटतिडकीने म्हणाला, ‘मॅडम, या लोकांना कुणीतरी सांगायला पाहिजे.’ कोपऱ्यात बसलेली गुहागरकडची एक मुलगी हळूच बोलली, ‘आमच्याकडे मी अजून चार दिवस बाजूला बसते. पडवीत झोपते.’ कुणीच काही बोललं नाही. मी त्यांना गडचिरोलीतल्या कुर्माघरांबद्दल, म्हणजे तिथल्या पाळीच्या झोपड्यांबद्दल, सांगितलं आणि मग त्या मुलीलाच विचारलं, तुझ्या घरी कुणी बाहेरून येऊन सांगितलं तर काय होईल? ती म्हणाली, ‘आजी दार लावून घेईल.’ प्रथा वाईट नाही असं मी कधीच म्हणत नाही, ती क्रूर आहे. पण पंधरा दिवसांच्या पाहुण्याने तिथे भाषण द्यायचं नसतं. गावातले आमा समूह, म्हणजे आयांचे गट, त्यावर काम करतात. ते काय करतात हे ऐकायचं. आणि परत आल्यावर आपापल्या पडवीचं काय करायचं, ते आपण ठरवायचं. त्या मुलीने त्या वर्षी आजीशी काय बोलणं केलं ते तिने वहीत लिहिलं, आणि मी आजवर वाचलेल्या वह्यांत ती मला सगळ्यात मोलाची वाटते.

वहीवरून आठवलं. ‘तुम्हाला काय वाटलं?’ असा प्रश्न देऊ नका. त्याला ‘खूप छान वाटलं, माणसं प्रेमळ होती’ हेच उत्तर येतं. रोज एक नेमका प्रश्न द्या. आज कोणाचं काम तुमच्यामुळे खोळंबलं? आज तुम्हाला कळलं असं वाटलं आणि नंतर चूक निघाली, असं काय होतं? गुण त्यावर द्या.

व्यवहाराचं आता भराभर सांगते. वीस मुलं फार झाली. एका वॉर्डात बारा माणसं मावतात, त्यात दोन शिक्षक, एक तरी बाई. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड चालत नाही. अठरा पूर्ण झालेल्या बऱ्याच मुलांकडे यांपैकी एकही नसतं, म्हणून हे काम सहा महिने आधी हातात घ्या. आम्ही रेल्वेने दिल्ली, तिथून बसने बनबसा, बंधाऱ्यावरून पलीकडे गड्डाचौकी, मग महेंद्रनगर, अत्तरिया आणि डोंगरात वर डडेलधुरावरून डोटी, असे जातो. जाण्यायेण्याचे मिळून सहा दिवस धरा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, आणि सुट्टी शनिवारी असते हे लक्षात ठेवून स्वास्थ्य चौकीच्या भेटी ठरवा. जून ते सप्टेंबर डोंगरात दरडी कोसळतात, मुलांना नेऊ नका. विमा काढा, मोठं रुग्णालय म्हणजे धनगढी, आणि डोटीहून ते जवळ नाही. गाउँपालिकेचं (तिथल्या ग्रामीण पालिकेचं) आणि वॉर्ड कार्यालयाचं पत्र निघण्याआधी हातात हवं. लहान मुलांचे फोटो नाहीत, कार्डांचे फोटो नाहीत. ज्या घरांत राहाल त्यांना राहण्याजेवणाचे पैसे ठरवून द्या. पाहुणचार म्हणून फुकट राहणं म्हणजे त्यांच्या वर्षभराच्या धान्यात हात घालणं.

क्रेडिटचं म्हणाल, तर नव्या शैक्षणिक धोरणात ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ला जागा आहे, आणि कृतीवर आधारलेल्या कामाचे तीस तास म्हणजे एक क्रेडिट. दोन क्रेडिटचे साठ तास आम्ही असे मांडतो: चोवीस बागेत, जाण्याआधी, सव्वीस डोटीत, दहा परत आल्यावर, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि बागेत. प्रवास आणि फिरणं यात धरत नाही. हे वाचून काही मुलं नाव मागे घेतात. घेऊ द्या.

आणि पैसे नसलेल्या मुलांसाठी महाविद्यालयाने तरतूद केलीच पाहिजे. आमच्या सहा खेपांत गावाशी सगळ्यात लवकर जमलेली मुलं शेतमजुरांच्या घरची होती. त्यांना गवताचा भारा डोक्यावर घेता यायचा. त्यांना सांगावं लागत नसे की चुलीपाशी कुठे बसायचं.

एक प्रसंग सांगते, म्हणजे इकडची बाग आणि तिकडचं गाव अशी दोन्ही टोकं का हवीत ते कळेल. २०२३ साली निघण्याआधी बागेतल्या एकाने आमच्या मुलाच्या फोनवर आपली चित्रफीत काढून घेतली, मांगराच्या, म्हणजे बागेतल्या राहायच्या खोपटाच्या, दारात उभं राहून. डोटीत त्याच्या आईला ती दाखवली. तिने ती तीनदा पाहिली. आमचा मुलगा वाट पाहत होता की ती आता डोळे पुसेल. तिने पडद्यावर बोट ठेवलं, मुलाच्या चेहऱ्यावर नाही, मागच्या निळ्या पिंपावर, आणि विचारलं, ‘पाणी कुठून आणतो?’ मुलाला उत्तर माहीत होतं, कारण तो सहा महिने तिथे गेला होता. कातळावरच्या बागेत विहीर नाही, टँकर येतो, तो चुकला की दीड किलोमीटर खाली ओढ्यावर. त्याने तिला खरं ते सांगितलं. परत आल्यावर तो बागायतदाराकडे गेला, एकटा नाही, आम्ही तिघं गेलो. पुढच्या हंगामात मांगराजवळ दोन हजार लिटरची टाकी बसली.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही कोकणात नाही, पण तुमच्याकडेही दुसरं टोक आहे. सांगली-मिरजेच्या हॉटेलांत आणि चायनीजच्या गाड्यांवर नेपाळी मुलं काम करतात, ती कुठल्या जिल्ह्यातली आहेत ते विचारा. आणि त्याहून खास तुमचं असं, विटा-आटपाडी-खानापूरकडची सोन्याचांदीची गलाई करणारी, म्हणजे ती वितळवून शुद्ध करणारी, मंडळी देशभर पांगलेली आहेत, काठमांडूतही आहेत. म्हणजे तुमच्या मुलांना परदेशात स्थलांतर करून राहिलेले आपल्याच तालुक्यातले लोक भेटू शकतात, आणि मिरजेत स्थलांतर करून आलेले तिकडचे. असा जोड फार थोड्या महाविद्यालयांना लाभतो. दोन्हीकडे जाऊन बसा. काय करू असं विचारू नका, त्याला लोक संकोचाने ‘काही नको’ म्हणतात. काय अडतं ते विचारा, आणि ऐकून परत या, लगेच काही कबूल करू नका.

येत्या उन्हाळ्याला हे जमणार नाही. प्राचार्यांना सांगा की जूनमध्ये विट्याला आणि मिरजेला सुरुवात करतो, दिवाळीत दोन शिक्षक नेपाळला जाऊन जागा पाहून येतील, आणि मुलं पुढच्या मे महिन्यात जातील. सहल कंपनीचा आगाऊ भरणा अजून केला नसेल तर थांबवा. आमचा दुहेरी तक्ता आणि रोजच्या प्रश्नांची यादी मी तुम्हाला पाठवते. तक्त्यातल्या तारखा दर वैशाखात बदलून घ्यायला विसरू नका.